खाऱ्या पाण्यातले मासे: आधी गाळणी



मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उभं राहिलं,
अगदी समुद्रालगत.
आपल्या मुखेडपासून समुद्र लांब.
इथं खास मीठ विरघळवून पाणी करावं लागतं.
ते महाग पडतं, सारखं बदलणं परवडत नाही.
म्हणून आधी गाळणी, मग मासे.

नुसत्या माशांच्या टाकीत घाण फार होते.
तिथं प्रोटीन स्किमर हवाच,
आणि तो थोडा जास्त क्षमतेचा घ्या.
बारीक बुडबुड्यांच्या फेसात तो घाण पकडतो.
कुजण्याआधीच बाहेर काढतो.
शिवाय पाण्यात हवा मिसळतो.
आपल्या उन्हाळ्यात हे फार मोलाचं,
कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो.

उरलेल्या घाणीतून होणारा अमोनिया जिवाणू संपवतात.
त्यांना सच्छिद्र दगड हवेत,
आणि जम बसायला महिना-दीड महिना.
तोवर थांबा.
आधी गाळणी, मग मासे.

आणि वीज गेली तर?
बॅटरीवरचा हवेचा पंप घरात तयार ठेवा.