नावात किती शब्द?

वाचलेल्या पुस्तकांची यादी अनेकजण ठेवतात. तशी वही तुमच्याकडे असेल, तर आज फक्त नावांची लांबी पाहा.

काही नावं एका शब्दात आटोपतात. खांडेकरांची ‘ययाति’, रणजित देसाईंची ‘स्वामी’, नेमाड्यांची ‘कोसला’, दया पवारांचं ‘बलुतं’. असं नाव पुस्तकाच्या कण्यावर ठळक टाइपात मावतं आणि ग्रंथालयात मागायलाही सोपं जातं.

जुन्या पुस्तकांचा थाट वेगळा. ताराबाई शिंदे यांचा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. आपण त्याला ‘स्त्री-पुरुष तुलना’ म्हणतो. मुखपृष्ठावर मात्र ‘अथवा’ म्हणून नाव पुढे चालूच राहतं. स्त्रिया आणि पुरुष यांत खरे साहसी कोण, हे दाखवण्यासाठी हा निबंध लिहिल्याचं तिथंच सांगून टाकलं आहे. आज मलपृष्ठावरचा मजकूर जे काम करतो, ते तेव्हा नावच करत असे. हरिभाऊ आपट्यांनी तर ‘पण लक्षात कोण घेतो!’ असं अख्खं वाक्यच कादंबरीला दिलं.

लांब नावं आजही येतात, पण दोन तुकड्यांत. २०१० साली आलेली नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ वाचकांच्या तोंडी नुसती ‘हिंदू’ झाली.

तेव्हा वहीत नोंद करताना पुस्तकाचं नाव उपशीर्षकासह पूर्ण लिहा. शेजारी लेखक आणि प्रकाशनाचं वर्षही टाका. पुढे तेच पुस्तक शोधताना ही नोंद उपयोगी पडेल.