मेक्सिको : पायाखालची जमीन

(मंचाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. पडद्यावर दाखवलेली चित्रे येथे देता येत नसल्याने त्यांच्या जागी थोडे वर्णन घातले आहे.)



आपण अमेरिकेत राहतो आणि मेक्सिको आपला शेजारी. तीन हजार किलोमीटरहून लांब सामाईक सीमा. तरीही आपल्यापैकी बहुतेकांचा मेक्सिको तीन गोष्टींत संपतो : कानकुनचा समुद्रकिनारा, टाको, आणि सीमेवरच्या बातम्या. त्यातले कानकुन तर १९७० च्या सुमारास सरकारने पर्यटनासाठी ठरवून वसवलेले गाव. म्हणजे तिथे आठवडा घालवून आलेल्या माणसाने मेक्सिको पाहिला असे म्हणणे जरा धाडसाचेच.

माझे काम माती आणि भूजल या विषयातले. त्यामुळे एखादी प्रसिद्ध वास्तू दिसली की माझी नजर कळसाकडे जाण्याआधी पायाकडे जाते. आज मी तुम्हांला मेक्सिकोची काही प्रेक्षणीय स्थळे दाखवणार आहे, पण त्याच नजरेने.

आधी नकाशा. मेक्सिकोचे क्षेत्रफळ सुमारे १९ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १२ कोटी ६० लाख. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत लोकसंख्येने हा पहिला (खुद्द स्पेन बराच मागे), तर क्षेत्रफळाने अर्जेंटिनानंतर दुसरा. कर्कवृत्त देशाच्या साधारण मधून जाते. पश्चिमेला आणि पूर्वेला सिएरा माद्रे नावाच्या दोन पर्वतरांगा, आणि त्यांच्यामध्ये उंच पठार. समुद्रावरून येणारे ढग डोंगर अडवतात आणि उत्तरेकडचे पठार कोरडे राहते. घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पलीकडे माण-खटाव, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. देशाचे बरेचसे पाणी दक्षिणेत आहे, आणि माणसे व कारखाने जास्त करून मध्यभागी व उत्तरेत. मेक्सिकोचे अर्धे राजकारण या एका वाक्यात आहे.

या पठाराच्या दक्षिण टोकाला, १९ अक्षांशाच्या आसपास, ज्वालामुखींचा पट्टा आडवा पसरला आहे. देशातले सर्वांत उंच शिखर, ५,६३६ मीटरचे पिको दे ओरिसाबा, याच पट्ट्यात. पोपोकातेपेत्लही इथलाच, आणि तो १९९४ पासून पुन्हा धुमसतो आहे. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मिचोआकान राज्यात एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमिनीला भेग पडली, धूर येऊ लागला, आणि वर्षभरात तिथे तीनशे मीटरहून उंच डोंगर उभा राहिला. हा पारिकुतीन. १९५२ साली तो शांत झाला. लाव्हाने गिळलेल्या गावातून आज फक्त चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. डोंगराचा जन्म पहिल्या दिवसापासून पाहायला मिळणे ही भूशास्त्रज्ञांच्या दृष्टीने पर्वणीच. ज्याचे शेत गेले त्याच्या दृष्टीने अर्थातच नव्हे.

आता पूर्वेला युकातान द्वीपकल्पात जाऊ. इथे डोंगर नाहीत. सपाट चुनखडीचा प्रदेश आहे आणि त्याच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. पाऊस पडतो, पण पाणी चुनखडीतून झिरपून खाली जाते. मधूनच छप्पर कोसळून खोल नैसर्गिक विहिरी तयार होतात, त्यांना सेनोते म्हणतात. माया लोकांची वस्ती या विहिरींच्या आधाराने वाढली. चिचेन इत्सा या नावातला 'चेन' म्हणजेच विहीर. 'इत्सांच्या विहिरीचे तोंड' असा त्या नावाचा अर्थ लावतात. तिथल्या प्रसिद्ध पिरॅमिडला चार बाजूंना ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून ३६५ होतात. दोन्ही संपाताच्या सुमारास कठड्यावर पडणारी सावली सापासारखी सरकताना दिसते.

ज्यांनी हे गणित केले त्यांच्याच कालगणनेच्या नावावर २१ डिसेंबर २०१२ ला जग बुडणार अशी हाकाटी झाली होती, हे आठवत असेल. माया कालगणनेतले एक मोठे आवर्तन त्या दिवशी पूर्ण होत होते, एवढेच. भिंतीवरचे कॅलेंडर ३१ डिसेंबरला संपते म्हणून कोणी सामान बांधून बसत नाही! खरा जगबुडीसारखा प्रसंग याच भूमीने पाहिला आहे, पण तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. चिक्शुलुब येथे लघुग्रह आदळला आणि सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर पडले. डायनोसॉरच्या अंताशी जोडला जातो तो हाच आघात. विवर आज गाळाखाली गाडलेले आहे, पण त्याच्या कडेने सेनोत्यांची अर्धगोल रांग दिसते. आघाताने मोडलेल्या खडकाने कोट्यवधी वर्षांनंतरच्या माणसांना पाणी कुठे मिळेल हे ठरवून टाकले.

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो : मेक्सिको सिटी. समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर असलेले हे खोरे. पाण्याला बाहेर जायला नैसर्गिक वाट नाही, म्हणून तळाशी पाच सरोवरे साठली होती. त्यांतले सर्वांत मोठे तेश्कोको, तेही खारे. १३२५ साली मेशिका लोकांनी, ज्यांना आपण आस्तेक म्हणतो, त्या सरोवरातल्या बेटावर तेनोच्तित्लान हे शहर वसवले. पंधराव्या शतकाच्या मध्याला नेसावालकोयोत्ल या राजाच्या देखरेखीखाली सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला. पूर अडवणे आणि खारे पाणी गोड्या पाण्यापासून वेगळे ठेवणे अशी दोन्ही कामे तो करी. उथळ पाण्यात गाळाचे वाफे रचून त्यावर शेती होई, त्यांना चिनाम्पा म्हणतात. सोचिमिल्कोला आज रंगीत नावांतून पर्यटक फिरतात, ते याच शेतीच्या उरलेल्या कालव्यांतून.

मेशिकांना मी सत्ययुगातले लोक ठरवत नाही. नरबळी, खंडणी, लढाया, सगळे तिथे होते. पण पाण्याला घरात घेऊन कसे राहायचे हे त्यांना कळले होते. १५२१ साली कोर्तेसने शहर जिंकले, उद्ध्वस्त केले आणि त्याच जागी स्पॅनिश राजधानी बांधायला घेतली. बांध मोडला, डोंगरावरची झाडे तुटली, सरोवरात गाळ आला. १६२९ च्या पुराचे पाणी शहरात सुमारे पाच वर्षे राहिले! राजधानी हलवावी अशी चर्चाही झाली, पण घरे, चर्च, मठ यांत अडकलेला पैसा जड ठरला. मग धोरण एकच : पाणी बाहेर काढा. १६०७ साली सुरू झालेला बोगदा, १९०० साली उघडलेला मोठा कालवा, १९७५ चा खोल भुयारी निचरा, २०१९ साली पूर्ण झालेला ६२ किलोमीटरचा बोगदा. चारशे वर्षे एकच काम चालू आहे.

सरोवर गेले, पण त्याचा तळ राहिला. हा तळ ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या चिकणमातीचा. या मातीत तिच्या कोरड्या वजनाच्या दोन-तीन पट, काही ठिकाणी त्याहूनही जास्त पाणी असते. शहराचे निम्म्याहून अधिक पाणी जमिनीखालून उपसले जाते. पाणी काढले की चिकणमातीचे थर दबतात, आणि एकदा दबले की पुन्हा फुगत नाहीत. स्पंजचा दाखला बरेच जण देतात, पण स्पंज परत फुगतो. ही माती फुगत नाही. विसाव्या शतकात जुने शहर काही ठिकाणी नऊ-दहा मीटर खाली गेले, म्हणजे जवळपास तीन मजले.

याचे पुरावे म्हणजे तिथली प्रेक्षणीय स्थळेच. १९१० साली उभारलेल्या स्वातंत्र्यस्तंभावर सोनेरी देवदूत आहे. स्तंभाचा पाया खोल, तो जागेवर राहिला. भोवतालचा रस्ता खचत गेला, म्हणून खाली आणखी १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या. सोकालो या मुख्य चौकातले कॅथेड्रल १५७३ ते १८१३ असे २४० वर्षे बांधले गेले. त्याचा काही भाग जुन्या आस्तेक बांधकामावर टेकलेला आणि काही नुसत्या मातीवर, म्हणून ते वाकडेतिकडे खचले. १९९० च्या दशकात अभियंत्यांनी जास्त खचलेली बाजू उचलण्याऐवजी कमी खचलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढली आणि कल कमी केला. मला हा इलाज फार आवडतो. शेजारीच १९७८ साली विजेच्या केबलसाठी खणताना कामगारांना सव्वातीन मीटर व्यासाची कोरीव शिळा लागली आणि आस्तेकांचे मुख्य मंदिर उजेडात आले.

या मातीची दुसरी बाजू भूकंपाची. १९ सप्टेंबर १९८५ चा ८.० तीव्रतेचा भूकंप झाला साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिक किनाऱ्यावर. पण सरोवराच्या तळाची माती साधारण दोन सेकंदांच्या लयीत डोलू लागली, आणि ज्या इमारतींची स्वतःची लय तिच्याशी जुळली, म्हणजे साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या, त्यांचे सर्वाधिक नुकसान झाले. मृतांच्या आकड्यांत मोठी तफावत आहे. दहा हजारांच्या आसपास हा आकडा नेहमी दिला जातो. १९५६ साली पूर्ण झालेला ४४ मजल्यांचा तोर्रे लातिनोआमेरिकाना मात्र उभा राहिला, कारण त्याच्या पायाची रचना या मातीचा अभ्यास करून केली होती.

पुढे १९ सप्टेंबर २०१७ ला, सकाळी भूकंपाचा सराव झाल्यावर दोनच तासांनी, ७.१ चा भूकंप आला आणि ३६९ माणसे गेली. २०२२ मध्ये पुन्हा १९ सप्टेंबरलाच ७.६ चा. तारीख शापित आहे असे तिथे अनेकांना वाटू लागले, आणि माणसे गमावलेल्यांना तसे वाटले तर मी त्यांना हसणार नाही. पण कोकोस भूपट्ट मेक्सिकोखाली सरकतो आहे तो वर्षाचे बाराही महिने. जिथे भूकंप वारंवार होतात तिथे तारखा कधीतरी जुळणारच. शिवाय १९८५ चा भूकंप दोन भूपट्टांच्या सांध्यावरचा आणि २०१७ चा खाली गेलेल्या भूपट्टाच्या पोटातला. दोन्हींची जातच वेगळी. तारखेला दोष दिला की ज्या बिल्डरने लोखंड कमी घातले आणि ज्या अधिकाऱ्याने डोळेझाक केली, ते दोघे सुटतात. शापाचा नेमका फायदा कोणाला होतो, हे असे तपासून पाहावे.

आणि आता पाणी. ज्या शहराने चारशे वर्षे पाणी बाहेर फेकले, त्याला आज ते शंभर किलोमीटरहून दूरच्या कुत्सामाला धरणांतून, हजार मीटरहून अधिक उंच चढवून आणावे लागते. वाटेत सुमारे चाळीस टक्के पाणी फुटक्या नळांतून गळते, आणि नळ फुटतात जमीन खचते म्हणून. २०२४ च्या उन्हाळ्यात या धरणांतला साठा तीस टक्क्यांच्या खाली गेला होता. २०२५ च्या चांगल्या पावसाने वेळ निभावली. पश्चिमेच्या टणक टेकड्यांवर श्रीमंत वस्त्या आहेत. पूर्वेला इस्तापालापात, जुन्या सरोवराच्या तळावर, कष्टकरी राहतात. तिथे घरांना भेगा पडतात, नळाला धड पाणी नसते, टँकरची वाट पाहावी लागते, आणि पावसाळ्यात तेच घर पाण्यात. सरोवर आटवण्याचा निर्णय ज्यांच्या पूर्वजांना कोणी विचारला नव्हता, त्याची किंमत ते भरत आहेत.

तेश्कोकोच्या काठाशी आपलेही एक नाते आहे. तिथे चापिंगो येथे राष्ट्रीय कृषिविद्यालय होते, जे आज विद्यापीठ आहे. वर्ध्याला जन्मलेले गदर चळवळीतले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत आले आणि या विद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले, आणि ज्यांना कॉलेजची पायरी चढता येणार नव्हती त्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रंगवलेल्या भित्तिचित्रात खानखोजे भाकरी वाटताना दिसतात. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. आपल्याआधी परदेशात गेलेल्या या मराठी माणसाने तिथे पहिल्यांदा पाहिली ती तिथली माती आणि तिच्यावर राबणारा माणूस.

आणि जाता जाता : मका आणि मिरची दोन्ही मेक्सिकोची. दसऱ्याला आपण दारावर लावतो तो झेंडूसुद्धा मूळचा तिथलाच. तिकडे तो नोव्हेंबरात पितरांच्या स्मरणासाठी अंथरतात. 'आपले' आणि 'परके' यांवर पुन्हा कधी वाद झाला, तर ठेच्याचा आणि तोरणाचा विचार जरूर करावा.

तेश्कोकोच्या कोरड्या तळावर प्रचंड विमानतळ बांधायला घेतला होता, तो २०१८ साली सार्वमतानंतर थांबवला गेला. २०२२ साली तिथली मोठी जागा संरक्षित क्षेत्र जाहीर झाली आणि काही भागात पाणी पुन्हा साठू दिले जात आहे. त्या सार्वमताची पद्धत, बुडालेला पैसा, यांवर तिथे कडाक्याचे वाद झाले आणि ते रास्तच आहेत. पण सरोवराला थोडी जागा परत द्यावी, हा विचार चारशे वर्षांनी सरकारी कागदावर आला, हे मला महत्त्वाचे वाटते.

तुमच्यापैकी कोणी पुढच्या सुट्टीत मेक्सिकोला गेलात, तर कानकुनबरोबर राजधानीसाठीही तीन दिवस ठेवा. स्वातंत्र्यस्तंभाच्या पायऱ्या मोजा. कॅथेड्रलमध्ये घुमटाखाली टांगलेला ओळंबा पाहा. इमारत किती कलली हे तो दाखवतो. आणि टॅक्सीवाल्याला विचारा, तुमच्या घरी पाणी आठवड्यातून किती दिवस येते. देशाचा भूगोल त्याच्या उत्तरातून जितका कळेल, तितका माझ्या तासाभराच्या बोलण्यातून कळणार नाही.

आता प्रश्न विचारा.