नोंदणी ही पहिली पायरी



मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे बागलाण तालुक्यातील मोठे बाजारपेठेचे गाव. कांदा व डाळिंब या पिकांनी या परिसरास नावलौकिक मिळवून दिला. तथापि ज्या घरची जमीन भावाभावांत वाटली गेली, त्या घरातील बारावी उत्तीर्ण मुलापुढे वा मुलीपुढे शेतीबाहेरील कामाचा प्रश्न उभा राहतोच. काम मागावयास गेल्यास अनुभव विचारला जातो आणि कामावाचून अनुभव मिळत नाही. हा पेच सोडविण्यासाठी शासनाने वेळोवेळी उपाय योजले आहेत.

शिकाऊ उमेदवारांना कारखान्यात प्रत्यक्ष कामाचे शिक्षण मिळावे म्हणून १९६१ मध्ये कायदा झाला. त्यानंतर १५ ऑगस्ट १९७९ रोजी ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी 'ट्रायसेम' योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील १८ ते ३५ वयाच्या तरुणांना तीत विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळे. १९९९ मध्ये ही योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. शिकविलेला व्यवसाय आणि परिसरातील मागणी यांचा मेळ बसला नाही, तर प्रमाणपत्र पेटीत पडून राहते, हा धडा मात्र ती मागे ठेवून गेली.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हाती घेतली. राज्याचे रहिवासी असलेले, शिक्षण पूर्ण झालेले १८ ते ३५ वयाचे उमेदवार तीस पात्र ठरविण्यात आले. बारावी उत्तीर्णांस दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. वा पदविकाधारकांस ८,००० रुपये आणि पदवीधर वा पदव्युत्तरांस १०,००० रुपये विद्यावेतन निश्चित झाले. ही रक्कम थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची तरतूद होती. प्रशिक्षणाचा कालावधी आरंभी सहा महिने होता; २०२५ मध्ये तो अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आला. उद्योग व आस्थापनांबरोबरच शासकीय कार्यालयांतही उमेदवारांना काम शिकण्याची संधी मिळाली.

अशा योजनांत गरजू उमेदवार अनेकदा अर्जाच्या उंबरठ्यावरच अडखळतो. गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारपत्रावर दुसरे, खाते आधारशी जोडलेले नाही, नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांक बंद पडलेला, अशा लहान बाबींमुळे अर्ज मागे पडतो. घरातील पहिलाच शिकलेला मुलगा असेल, तर ही चूक दाखवून देणारे घरी कोणी नसते. अशा वेळी शाळेतील शिक्षकांनी निकालाच्या दिवशीच नावातील तफावत तपासली आणि ग्रामपंचायतीने आठवड्यातील एक दिवस नोंदणीच्या साहाय्यासाठी राखून ठेवला, तर तरुणांच्या तालुक्याला होणाऱ्या अनेक खेपा वाचतील. मुलींच्या बाबतीत प्रशिक्षणाचे ठिकाण, एस.टी.ची वेळ आणि घरच्यांची संमती यांचा विचार आधीच व्हावयास हवा. अन्यथा नाव यादीत राहते आणि मुलगी घरी राहते.

आणखी एक गोष्ट नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगितली पाहिजे. विद्यावेतन म्हणजे वेतन नव्हे आणि प्रशिक्षण म्हणजे नेमणूक नव्हे. मुदत संपल्यावर अनेक प्रशिक्षणार्थींनी सेवेत कायम करण्याची मागणी केली. दरमहा हाती येणाऱ्या रकमेवर घरखर्चाचा मेळ बसलेला असताना ती थांबली, की होणारा मनस्ताप समजण्यासारखा आहे. खोटी आशा दाखवून नाव नोंदविणे हे त्या तरुणाचे हित नव्हे.

म्हणूनच कार्यालयप्रमुखांची जबाबदारी मोठी आहे. प्रशिक्षणार्थीस केवळ कागद नेण्या-आणण्याचे काम दिले, तर ते महिने वाया गेले असेच म्हणावे लागेल. त्यास संगणकावरील नोंदी, हिशेब, पत्रव्यवहार वा यंत्राची देखभाल, यांपैकी एक तरी काम स्वतंत्रपणे करता आले पाहिजे. ग्रामपंचायतीनेही नोंदणी किती झाली एवढ्यावर समाधान न मानता, कोण काय शिकला आणि पुढे कोठे कामास लागला, याची साधी वही ठेवावी. पुढील वर्षी येणाऱ्या मुलास कोणते काम शिकण्याचा सल्ला द्यावा, हे ती वहीच सांगेल.