स्काऊट मोठी होते
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज एका कादंबरीतल्या मुलीविषयी चार शब्द बोलणार आहे. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली निघाली व पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. गोष्ट घडते १९३३ ते १९३५च्या सुमारास, अलाबामा राज्यातल्या एका कल्पित गावात. सहा वर्षांची स्काऊट, तिचा थोरला भाऊ जेम आणि वकील वडील अ‍ॅटिकस. आई नाही. घर सांभाळते कॅल्पर्निया ही कृष्णवर्णी स्वयंपाकीण.

शाळेच्या पहिल्याच दिवशी वॉल्टर नावाचा गरीब मुलगा त्यांच्याकडे जेवायला येतो आणि ताटातल्या सगळ्या पदार्थांवर काकवी ओततो. ‘हे काय चालवलंयस?’ असे स्काऊट सर्वांदेखत विचारते. पोर ओशाळते. कॅल्पर्निया तिला आत बोलावून चांगली खडसावते : उंबऱ्याच्या आत आला तो पाहुणा! स्काऊटचे उरलेले जेवण मग स्वयंपाकघरात होते. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे, हे वडील सांगतात ते त्या संध्याकाळी. पहिला धडा स्वयंपाकिणीचा.

पण मला विशेष सांगायचे आहे ते बायकांच्या मंडळाविषयी. टॉम रॉबिन्सन या निरपराध कृष्णवर्णी माणसाला गोऱ्या ज्यूरीने दोषी ठरवलेले असते. त्याचे वकीलपत्र अ‍ॅटिकसनेच घेतलेले. पुढे एके दिवशी स्काऊटची आत्या घरी मंडळ भरवते. पातळांच्या जागी झगे एवढाच फरक. बश्या, फराळ आणि गप्पा आपल्याच! दूरदेशीच्या एका जमातीचे हाल सांगताना एका बाईंचे डोळे भरून येतात. आणि त्याच बाई कुरकुरतात, की खटल्यापासून आमची मोलकरीण तोंड पाडून असते! आठ वर्षांची स्काऊट फराळ देता देता हे सारे ऐकते.

इतक्यात अ‍ॅटिकस येतो. तुरुंगातून पळताना टॉम गोळ्यांना बळी पडला. अंगात सतरा गोळ्या. टॉमच्या बायकोला सांगायला तो कॅल्पर्नियाला घेऊन जातो. आत्या स्वयंपाकघरात थरथरते, मग सावरून बाहेर येते. स्काऊटही तबक उचलते. या प्रसंगाला पुष्कळजण धैर्य म्हणतात, आणि ते आहेच. पण टॉमच्या घरी गेली ती कॅल्पर्निया. मंडळातली कोणी नव्हे.

शेवटी बू रॅडली. वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेला हा शेजारी. मुले त्याच्या नकला करीत. तोच त्यांचे प्राण वाचवतो. त्या रात्री स्काऊट त्याला घरी पोचवते, पण लहान मुलासारखे हाताला धरून नव्हे. ती त्याला कोपर वाकवायला लावते आणि त्यात आपला हात घालते, म्हणजे खिडकीतून कोणी शेजारीण पाहील तर हा गृहस्थच मुलीला घेऊन चालला आहे, असे तिला दिसावे. मग त्याच्या ओसरीवर उभी राहून ती आपल्याच गल्लीकडे पाहते : इतकी वर्षे इथून आपण त्याला कसे दिसत असू!