सत्तावन्न किलोची तुलना
(साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण, कणकुंबी)

जुना विजेता मोठा की आजचा, हा प्रश्न बॉक्सिंगमध्ये आणि कुस्तीत दर पिढीला नव्याने पडतो. उत्तर बहुधा बेरजेने काढले जाते: किती पदके, किती पट्टे, किती लढती जिंकल्या. बेरीज सोपी असते, पण दोन काळांतले आकडे एकाच मापाने मोजलेले नसतात. माप कधी बदलले आणि त्याबरोबर आकड्याचा अर्थ कसा बदलला, हे आधी पाहिले तरच तुलना न्याय्य होते.

बॉक्सिंगच्या इतिहासात हा बदल लख्ख दिसतो. जो लुईसने १९३७ मध्ये जगज्जेतेपद मिळवले आणि १९४९ पर्यंत ते २५ वेळा राखले. रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ४९ पैकी ४९ लढती त्याने जिंकलेल्या होत्या. शुगर रे रॉबिन्सन १९४० ते १९६५ या काळात सुमारे दोनशे लढती लढला. महंमद अलीच्या ६१ लढतींत पाच पराभव आहेत. पण लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे १९६७ ते १९७० ही ऐन उमेदीची वर्षे त्याला रिंगणाबाहेर काढावी लागली, हे कोणत्याच बेरजेत येत नाही. आजच्या ऑलेक्झांडर उसिकच्या नावावर जुलै २०२५ पर्यंत २४ लढती होत्या आणि त्या सर्व त्याने जिंकल्या होत्या. नुसता आकडा पाहिला तर तो मार्सियानोच्या निम्म्यावरच आहे.

मात्र लुईसच्या काळी वजनगटागणिक बहुधा एकच सर्वमान्य विजेता असे. आज चार मोठ्या संघटना आपापला जगज्जेता जाहीर करतात. त्यामुळे चारही पट्टे एकाच कमरेला येणे ही आजची खरी कसोटी ठरली आहे. उसिकने ती क्रूझरवेटमध्ये २०१८ साली आणि हेवीवेटमध्ये २०२४ साली पार केली. नाओया इनोउएने २०२२ आणि २०२३ मध्ये दोन वजनगटांत हेच साधले, तर टेरेन्स क्रॉफर्डने सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनेलो अल्वारेझला हरवून तिसऱ्या वजनगटात. पूर्वी वजनगट मुख्यतः आठ होते, आज संघटनेनुसार सतरा-अठरा आहेत. गट वाढल्यामुळे अनेक गटांत विजेतेपद मिळवण्याची वाट रुंद झाली आणि संघटना वाढल्यामुळे एकमेव विजेता ठरण्याची वाट अरुंद झाली. १९८२ मध्ये कोरियाचा डुक कू किम लढतीतील दुखापतीने मरण पावल्यावर जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या होऊ लागल्या. तेरावी, चौदावी आणि पंधरावी फेरी झेलण्याचा दम हा जुन्या विजेत्याच्या मोठेपणाचा भाग होता. आजच्या विजेत्याला ती परीक्षा देताच येत नाही. म्हणून तो त्यात नापास झाला असेही म्हणता येत नाही.

मेरी कोमने २००२ ते २०१८ या काळात जागतिक स्पर्धेत सहा सुवर्णपदके मिळवली. ऑलिंपिकमध्ये तिच्या नावावर एकच कांस्यपदक आहे, ते २०१२ चे. महिलांचे बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आले तेच त्या वर्षी, आणि सर्वांत हलका गट ५१ किलोचा होता. मेरी कोमची जागतिक विजेतेपदे त्याहून हलक्या गटांतली होती. वजन वाढवून, मोठ्या बांध्याच्या प्रतिस्पर्ध्यांशी लढून तिने ते पदक घेतले. पदकांच्या तक्त्यात मात्र फक्त ‘कांस्य’ एवढाच शब्द राहतो.

या उदाहरणांतून चार प्रश्न हाती लागतात. लढत कोणत्या नियमांनी झाली? समोर कोण होते? संधी किती होत्या? आणि विजेत्याच्या पाठीशी कोणते बळ होते? मराठी मुलखात हे चारही प्रश्न विचारण्यासाठी एक दुर्मीळ उदाहरण आहे, कारण तिथे निदान वजन तरी स्थिर आहे: ५७ किलो.

खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या वजनात, त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी, टेनिसपटू लिअँडर पेसच्या कांस्यासाठी, १९९६ उजाडावे लागले; कुस्तीतल्या दुसऱ्या पदकासाठी, सुशील कुमारच्या कांस्यासाठी, २००८. त्यानंतर याच ५७ किलो गटात रवी दहियाने टोकियोत रौप्य आणि अमन सेहरावतने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोतच सुवर्ण जिंकले.

आता नियम. १९५२ मध्ये लढत पंधरा मिनिटांपर्यंत चाले. आज तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात. तेव्हा उणे गुणांची पद्धत होती. हरणाऱ्याला उणे गुण मिळतच, पण चितपट न करता गुणांवर जिंकणाऱ्याच्या नावेही उणे गुण लागत, आणि ठरावीक संख्या भरली की मल्ल स्पर्धेबाहेर जाई. त्यामुळे निकाली कुस्ती करणाऱ्याचा फायदा होई, आणि मातीच्या हौद्यात वाढलेल्या मल्लाला ही रीत परकी नव्हती. आज गुणांची मोठी आघाडीही पूर्ण विजय ठरते. तेव्हा प्रत्येक गटात एकच कांस्य होते, २००८ पासून दोन दिली जातात. मात्र फ्रीस्टाइलचे पुरुषांचे गट तेव्हा आठ होते, आज ऑलिंपिकमध्ये सहा आहेत. आठ गटांची तीन-तीन पदके आणि सहा गटांची चार-चार, दोन्ही वेळा बेरीज चोवीसच. दुसरे कांस्य आल्यामुळे पदक स्वस्त झाले, असे सरसकट म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

दुसरा प्रश्न प्रतिस्पर्ध्यांचा. हेलसिंकीला सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. ते हरले ते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामदबेयोव यांच्याकडून. पहिल्याने सुवर्ण घेतले, दुसऱ्याने रौप्य. इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर खाशाबांना लगेच पुढची लढत खेळावी लागली आणि मधली विश्रांती मागायला भारताचा कोणी अधिकारी तिथे नव्हता, ही हकीकत कुस्तीक्षेत्रात सर्वश्रुत आहे. अमनची पॅरिसमधली वाट याच्याशी विलक्षण जुळते. त्याने २०२२ चा जगज्जेता झेलिमखान अबाकारोव याला १२-० असे हरवले आणि उपान्त्य फेरीत तो हरला तो जपानच्याच रेई हिगुचीकडून, ज्याने पुढे सुवर्ण मिळवले. बाहत्तर वर्षांच्या अंतराने दोन भारतीय मल्ल एकाच वजनात, सुवर्ण जिंकणाऱ्या जपानी मल्लाकडून हरून, कांस्यावर थांबले. एक फरक मात्र नोंदवायला हवा. पॅरिसला रशियाचे मल्ल उतरले नव्हते. टोकियोत रवी दहिया अंतिम फेरीत ज्याच्याकडून ४-७ असा हरला, तो झाउर उगुएव रशियाचाच होता.

तिसरा प्रश्न संधीचा, आणि जुन्या विजेत्यावर सर्वाधिक अन्याय इथेच होतो. रवी दहियाच्या नावावर ऑलिंपिक रौप्याखेरीज जागतिक कांस्य, तीन आशियाई विजेतेपदे आणि राष्ट्रकुल सुवर्ण आहे. खाशाबांची यादी दोन ओळींत संपते: १९४८ मध्ये लंडनला फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आणि १९५२ चे कांस्य. पण १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत कुस्ती नव्हती. ती १९५४ मध्ये आली. १९५० च्या साम्राज्य क्रीडास्पर्धेत भारत उतरलाच नाही. फ्रीस्टाइलची जागतिक स्पर्धा १९५१ मध्ये नुकती सुरू झाली होती. ज्या दारांतून आजचा मल्ल पदके घेऊन बाहेर येतो, त्यांतली बहुतेक दारे तेव्हा बसवलेलीच नव्हती. उलट दिशेचा अन्याय राहुल आवारेच्या वाट्याला आला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य जिंकले ते ६१ किलोत, आणि हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. ५७ किलोत भारताची एकच जागा होती आणि तिथे रवी दहिया होता. जगात तिसरा ठरलेला मल्ल ऑलिंपिकच्या यादीत दिसत नाही, तो यामुळे.

चौथा प्रश्न बळाचा. हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आज निवडक खेळाडूंमागे केंद्र सरकारची योजना, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर असतात. पण आजच्या मल्लापुढची अडचणही आजची आहे. स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन भरावे लागते. उपान्त्य लढतीनंतर अमनचे वजन मर्यादेपेक्षा सुमारे साडेचार किलोंनी जास्त भरले आणि ते एका रात्रीत उतरवूनच त्याला कांस्यपदकाची लढत खेळता आली. त्याच्या दोनच दिवस आधी विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजनामुळे अंतिम लढतीला मुकली होती. खाशाबांच्या काळी पैशाने वाट अडवली होती, आज ती तराजू अडवतो.

या चार प्रश्नांतून जाणारी तुलना कोणाला लहान करत नाही. रवी दहियाचे रौप्य हे या गटातले भारताचे सर्वोच्च ऑलिंपिक यश आहे. अमनने वयाच्या एकविसाव्या वर्षी पदक घेतले. वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा तो सर्वांत तरुण भारतीय ठरला. आणि सर्वांत कमी साधनांतून, सर्वांत कमी संधींतून मिळालेले पदक खाशाबांचे आहे. तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

मॅटवरची तुलना शक्य होते कारण तिथे गट, वेळ, गुण आणि प्रतिस्पर्धी कागदावर असतात. मातीतल्या कुस्तीचे माप वेगळे आहे. मैदानात वजनाचे काटेकोर गट नसत. वस्ताद आणि पंच जोड पाहून कुस्ती लावत. चितपट झाली तर निकाल, नाही तर बरोबरी. हिंदकेसरी हा या मातीचा किताब. १९५९ मध्ये दिल्लीत बंता सिंगला हरवून पहिला हिंदकेसरी झाला तो श्रीपती खंचनाळे, बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा मल्ल. पुढचा हिंदकेसरी १९६० मध्ये गणपतराव आंदळकर. खाशाबांचे कांस्य १९५२ चे, खंचनाळेंची हिंदकेसरीची गदा १९५९ ची. दोघांच्या यशात सात वर्षांचेच अंतर, दोघांच्या कुस्तीची पेठ कोल्हापूर, तरी त्यांची तुलना होऊ शकत नाही. ५७ किलोचा मल्ल हिंदकेसरीच्या खुल्या जोडीत बसत नाही आणि चितपटीवर ठरणारा किताब गुणांच्या तक्त्यात बसत नाही. एका पिढीच्या आतही मापे वेगळी असू शकतात, याचा हा पुरावा आहे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आणखी एक गुंतागुंत आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. एकसंब्याचा मल्ल तीन वर्षांनी देशाचा पहिला हिंदकेसरी झाला, तेव्हा त्याचे गाव एका राज्यात आणि तालीम दुसऱ्या राज्यात होती. असा मल्ल राज्यवार याद्यांत कधी इकडे मोजला जातो, कधी तिकडे, आणि कधी दोन्हीकडून सुटतो. याच भागातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात ५२ किलो गटात कांस्य मिळवले. आशियाई स्पर्धेत हा खेळ त्याच वर्षी प्रथम आला. तिच्या नावाची नदी कणकुंबीला उगम पावते. पण मलप्रभाच्या पदकाशी ताडून पाहावी अशी या भागातल्या आधीच्या मल्लांची संकलित लिखित नोंद हाताशी नाही.

तुलनेचा पाचवा आणि पायाचा प्रश्न म्हणूनच नोंदीचा आहे. जो लुईसची प्रत्येक लढत तारीख, फेरी आणि निकालासह सापडते; त्यामुळे नव्वद वर्षांनंतरही उसिकला त्याच्या शेजारी उभे करता येते. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात आणि गावोगावच्या यात्रांत झालेल्या कुस्त्या हलगीच्या ठेक्यावर हजारोंनी पाहिल्या. त्यांची आठवण आहे ती वस्तादांच्या तोंडी, घराच्या भिंतीवर टांगलेल्या फोटोंत, यात्रेच्या जाहिरात पत्रकांत आणि जुन्या मराठी-कन्नड वर्तमानपत्रांच्या अंकांत. वस्ताद थकत चालले आहेत आणि कागद पिवळा पडतो आहे.

साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर कुस्तीची चर्चा शोभते ती या कारणाने. नोंद करणे हे भाषेचे काम आहे, आणि ते सीमाभागातल्या लिहित्या माणसांचे आहे. प्रत्येक मोठ्या कुस्तीसाठी थोड्या गोष्टी पुरतात: साल आणि मैदान, दोन्ही मल्लांची नावे आणि गावे, तालीम आणि वस्ताद, वजनाचा अंदाज, कुस्ती किती वेळ चालली, घिस्सा, ढाक की एकचाक, कोणत्या डावावर निकाल लागला, की बरोबरीत सुटली, आणि इनाम किती होते. मराठी आणि कन्नड दोन्ही साधने एकत्र वाचून ही माहिती गोळा झाली, तर एकसंब्याच्या हिंदकेसरीचे मोठेपण गदेच्या एका ओळीपुरते राहणार नाही. उद्या या भागातून जो विजेता निघेल, त्याला कोणाच्या शेजारी उभे करायचे आणि कोणत्या मापाने मोजायचे, हे तेव्हाच सांगता येईल.