तिसरीचा दाखला कुठल्या गावचा?
(जिल्हा बैठकीत मांडलेला मजकूर)



कापसाच्या भावाचा हिशेब आपण या बैठकांत अनेकदा मांडला. आज एक वेगळा हिशेब मांडायचा आहे, पोराच्या शाळेचा. यात आम्ही स्वतः चुकलो आहोत, म्हणून तो मांडण्याचा आम्हाला हक्क आहे.

पोर सहा-सात वर्षांचे झाले की आपण त्याला तालुक्याच्या शाळेत घालतो. दारात गाडी येते, गळ्यात टाय येतो. फी कापूस विकून भरतो, नाहीतर उसनवारी करून. पोराचे कल्याण व्हावे हाच हेतू असतो. पण पुढे सहावीला काय होणार, हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

नवोदय विद्यालय आपल्याला ठाऊक आहे. १९८५-८६ साली देशात पहिली दोन निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. एका जिल्ह्यात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. शिक्षण, राहणे, जेवण, कपडे, पुस्तके फुकट. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी आहे, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला बारावीपर्यंत नेणारी याहून स्वस्त वाट आम्हाला माहीत नाही.

या ८० पैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. पण ग्रामीण कोण? बापाचा सातबारा कोणी पाहत नाही, घर कुठे आहे एवढ्यावरही भागत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे मान्यताप्राप्त ग्रामीण शाळेत पूर्ण काढलेली असली पाहिजेत. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असेल, तरी पोर शहरी धरले जाते. मग त्याला उरलेल्या २० जागांवर शिकवणी लावणाऱ्या शहरातल्या पोरांशी झुंजावे लागते.

आमच्यातल्याच एका घरची गोष्ट सांगतो. पोरगी तिसरीला तालुक्याच्या शाळेत होती. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, फीचे पैसे राहिले नाहीत. चौथीला पोरगी गावच्या शाळेत परत आली. गुरुजींनी तयारी करून घेतली, २०२० साली ग्रामीण यादीत नाव लागले, घरात पेढे वाटले. कागद तपासताना तिसरीचा दाखला निघाला तालुक्याचा. प्रवेश गेला. पोरीने विचारले, "बाबा, माझं काय चुकलं?" तिचे काही चुकले नव्हते. चुकलो आम्ही. ही परीक्षा एकदाच देता येते, त्यामुळे दुसरी संधीही नव्हती.

आणि ज्या इंग्रजीसाठी आपण धावतो, तिचा स्वतंत्र पेपरच या परीक्षेत नाही. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. बुद्धिमापनाला ५०, अंकगणिताला २५ आणि भाषेला २५. पेपर मराठीतून देता येतो. गावच्या शाळेत ज्याचे गणित आणि वाचन पक्के झाले, तो यात मागे पडायचे कारण नाही.

तेव्हा पोर दुसरीत असतानाच काही गोष्टी बघून घ्या.

पहिली, शाळा ज्या जागी उभी आहे ती ग्रामपंचायतीची की नगरपंचायतीची? तालुक्याची अनेक गावे अलीकडे नगरपंचायती झाली, ती आता शहरी धरली जातात. गावात खासगी शाळा असेल आणि तिला मान्यता असेल, तर ती चालते. प्रश्न माध्यमाचा नाही, जागेचा आहे.

दुसरी, आपल्या गावची शाळा चौथीपर्यंतच आहे का? मग पाचवीला पोर सरळ तालुक्याच्या हायस्कुलात जाते आणि तीनपैकी शेवटच्या वर्षी सगळे घालवून बसते. शेजारच्या ग्रामपंचायतीच्या गावात पाचवी असेल तर तिथे घाला.

तिसरी, ज्या जिल्ह्यात अर्ज करायचा त्याच जिल्ह्यात राहणे आणि पाचवी शिकणे लागते. मजुरीला परजिल्ह्यात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अर्जाला पैसा लागत नाही. मुख्याध्यापकांकडून दाखले वेळेत घ्या आणि जन्मतारखेची अट त्या वर्षीच्या पत्रकात बघा.

कोणी म्हणेल, अख्ख्या जिल्ह्याला ८० जागा, त्यात आमच्या गावाला काय येणार? खरे आहे. बहुतेक पोरांना ही जागा मिळणार नाही. म्हणून तर गावची शाळा टिकली पाहिजे. आपण पोरे काढून नेली की पट घसरतो, पट घसरला की शिक्षक कमी होतात, आणि शिक्षक कमी झाले की उरलेलेही पोर काढून नेतात. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असतात. ती समिती कागदावर ठेवू नका. पुढच्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा : आपल्या शाळेत पाचवी का नाही, आणि चौथीच्या पोराला भागाकार येतो का?

बियाणे घेताना आपण पिशवी उलटून-पालटून वाचतो. पोराची शाळा निवडतानाही तेवढे वाचू या.