आगकाडीचा पूल
(मंडळाच्या उन्हाळी वर्गाच्या समारोपाचे भाषण)



पहिले दोन दिवस मी फळ्यावर गणितं घातली. तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं आलीच नाहीत. मग अरविंद गुप्तांची युक्ती आठवली. १९७८ साली टेल्कोतून रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने आगकाड्या जोडू लागले. आम्हीही जोडल्या. चौकोन दाबताच कलला, त्रिकोण हलेना. "काका, म्हणून रेल्वेच्या पुलाला त्रिकोण?" डिप्लोमात मी पाठ केलेलं तिनं बोटांनी शोधलं! दुसऱ्या दिवशी शेजारच्या मामींनी कोलम शिकवला. ठिपके मोजता मोजता मुलांना सममिती उमगली.

पालकहो, पुढच्या सुट्टीत गाईड नको, काडेपेटी द्या. गुल तेवढा आधी काढून!

गणपती बाप्पा मोरया!